गोणपाटाआडचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, बटण कुणी दाबलेलं नाही. घणसोलीतल्या महापालिकेच्या एका शाळेच्या व्हरांड्यावर मी टांगलेला आहे. तोंडाला गोणपाट बांधलंय, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःच्या मनातलं बोलतोय. आजवर जे माझ्या तोंडून निघालं ते सगळं दुसऱ्यांचं होतं.

दमलोय हो. आपलं ओरडून घसा बसतो तो दोन दिवसांत सुटतो. दुसऱ्याचं ओरडून बसलेला सुटत नाही.

माझा जन्म इथल्याच पावणे या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमधला. पत्रा यंत्रावर गरागरा फिरवून मला आकार दिला. तपासायला म्हणून कारागिराने माझ्यातून नुसतं 'हॅलो' म्हटलं, तर शेजारच्या कारखान्यांतली माणसं जेवणाची सुट्टी झाली समजून डबे घेऊन बाहेर आली. खोटं वाटतं? त्या डब्यांना विचारा.

पहिली नोकरी मंडपवाल्याकडे. आमच्या या गावांत लग्न नुसतं उरकायचं असतं, खरा दणका हळदीला. एका हळदीत मी असा वाजलो की खाडीतल्या फ्लेमिंगोंनी दचकून दुसरा पाय खाली टेकवला. बिचारे जन्मभर एका पायावर उभे राहतात, त्या रात्री त्यांना जरा आराम मिळाला. खोटं वाटतं? फ्लेमिंगोंना विचारा.

निवडणुका आल्या की मंडपवाला मला रिक्षावर बांधायचा. सकाळी एका पक्षाचा, दुपारी दुसऱ्याचा. रिक्षा तीच, ड्रायव्हर तोच, मीही तोच. फक्त झेंडा आणि गाणं बदलायचं. सकाळी ज्यांना मी चोर म्हणायचो, संध्याकाळी त्यांनाच विजयी करा म्हणायचो. लोकही हसून सोडून द्यायचे. मोठी माणसं होती ती. कोणतं कानात घ्यायचं नि कोणतं नाही, हे त्यांना कळत होतं.

मग मला शाळेत आणलं. आणणारे होते रावसाहेब. आमच्या भागातले पुढारी, येत्या महापालिका निवडणुकीला उभे राहायची पक्की तयारी. त्यांनी मंडपवाल्याकडून मला जुनाच उचललं, चंदेरी रंग फासला आणि 'शाळेस नवा भोंगा भेट' म्हणून नारळ फोडला. आता शाळेला काही द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. बाकांवर नाव, पंख्यावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. टाकीत पाणी नसलं तरी नाव असतंच. माझ्यावर कुठे लिहायचं ते पेंटरने विचारलं.

रावसाहेब म्हणाले, "अरे तोंडावर लिही. बोलला की सगळे तोंडाकडेच बघतात ना!"

म्हणून माझ्या तोंडाच्या कडेने गोल, लाल अक्षरांत, 'यांच्या सौजन्याने' सकट पूर्ण नाव आलं.

तरीही सांगतो, शाळेत मी सुखी होतो. रोज सकाळी परिपाठ व्हायचा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग एखादी गोष्ट. दर आठवड्याला एका वर्गाची पाळी. लहान मुलं माईकपाशी येतात तेव्हा आधी त्यांचा श्वास ऐकू येतो, मग शब्द. हळदीत नि प्रचारात मला श्वास कधी ऐकूच आला नव्हता.

तिसरी 'ब'मध्ये दीक्षा नावाची मुलगी होती. तिला उद्देशिका म्हणायची होती. ते सगळं एकच लांबलचक वाक्य आहे, श्वास कुठे घ्यायचा तेच कळत नाही. तिची आई क्रांती पावण्यात पॅकिंगच्या कामाला जायची. मूळची मराठवाड्याकडची, इथे गावठाणात भाड्याची खोली. लेकीला सोडायला यायची तेव्हा माझ्याखाली उभी राहून शिकवायची. "इथं थांब. आता घे दम. आता पुढं." तिच्या घरात त्या शब्दांना मान होता, हे तिच्या हळू बोलण्यावरून कळायचं.

आणि नेमकं तेव्हाच गाणं आलं.

रावसाहेबांच्या माणसाने पेनड्राइव्ह आणून दिला. 'आभारगीत' म्हणे. नळाला पाणी, शाळेला बाक, अडल्या वेळी रावसाहेबांना हाक. मत द्या, असं त्यात कुठेही नव्हतं. हुशार माणसाने लिहिलं होतं. रोज परिपाठाला लावायचं, मुलांनी टाळ्या वाजवून म्हणायचं. मुख्याध्यापिका सुमेधा मॅडम खूप वेळ त्या पेनड्राइव्हकडे बघत राहिल्या. शाळेचा टँकर रावसाहेबांच्या एका फोनवर यायचा.

परिपाठ तर वेळेत आटपायचा असतो. मग काहीतरी काढायला हवं. राष्ट्रगीत काढता येत नाही, प्रतिज्ञाही नाही. मॅडमनी उद्देशिका काढली. "तात्पुरती," त्या शिपायाला, दत्तूमामांना म्हणाल्या.

दत्तूमामा म्हणाले, "मॅडम, नल कोरडा हाय नि पोरं पान्याचं गानं म्हनतील."

"मामा, बटण दाबा."

तिसरी 'ब'चा आठवडा आला. दीक्षा वेणीला पांढऱ्या रिबिनी बांधून रोज माईकच्या बाजूला येऊन उभी राहायची. रोज गाणं लागायचं, वेळ संपायची, रांगा वर्गात जायच्या. शनिवारी तिने रिबिनी बांधल्याच नाहीत.

हे गाणं रोज कशाला लावतात, असं क्रांतीने गेटवर इतर आयांना विचारलं. त्यात वैशालीताई होत्या, समोरच्या टॉवरमधल्या. त्यांचा पार्थ दीक्षाच्याच वर्गात.

"अहो, दोन मिनिटांचं गाणं आहे," वैशालीताई म्हणाल्या. "कशाला टेन्शन घेता? सोसायटीच्या गणपतीतही लावतात. मुलं काय, दोन दिवसांत विसरतील."

दोन दिवस गेले. वैशालीताई पुन्हा माझ्याखाली आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"क्रांती, पार्थने काल मला काय विचारलं सांगू? म्हणाला, आई, आपण रावसाहेबांना मत नाही दिलं तर ते आमचे बाक परत नेतील का? त्याचे बाबा म्हणाले, मत कुणाला ते सांगायचं नसतं. तर हा रडायलाच लागला. म्हणे, मग मला खाली बसावं लागणार! रात्री झोपेत चाळवत होता."

"मग बोला ना ताई पालकसभेत."

"बोलू या. तू सुरुवात कर, मी आहे मागे."

पालकसभा वर्गात असते, तिथे छोटा स्पीकर लावतात. पण दत्तूमामांच्या हाताला माझ्याच बटणाची सवय. त्यांनी मला चालू केलं. आत माईक क्रांतीच्या हातात गेला आणि बाहेर मी अख्ख्या गावठाणाला ऐकवायला लागलो.

"मॅडम, बाक दिले त्याचे आभार हायत. पन शाळा सरकारची हाय, कुनाच्या घरची नाय. आमी काय इचार करायचा ते आमी घरी बघू. पोरांच्या तोंडात कुनाचं नाव घालू नका. माझ्या पोरीचा उद्देशिका म्हनायचा नंबर तिला परत द्या."

वैशालीताई उठल्या आणि म्हणाल्या, "मलाही असंच वाटतं." मग आणखी चार जण उठले. तेही सगळं मी गावाला ऐकवलं. टपरीवर चहा पीत होता क्रांतीच्या खोलीचा मालक. रावसाहेबांच्या मागे मोटारसायकल घेऊन फिरणारा माणूस तो.

दुसऱ्या दिवशी तो गेटवरच भेटला. "वहिनी, आवाज छान आहे हां तुमचा. माईकची गरजच नाही. अॅग्रीमेंट संपतंय ना? या वेळी रिन्यू नाही करत मी. भाचा येतोय गावाहून राहायला."

सुमेधा मॅडमनी क्रांतीला बाजूला घेतलं. "अगं, सभेत बोललीस ते मागे घे. मी बोलते त्यांच्याशी. खोली राहील तुझी."

क्रांती घाबरली होती. तरी म्हणाली, "मॅडम, खोल्या लई हायत. भाडं भरलं की मिळतात. पोरीचा नंबर गेला तर तो कोन आनून देनार?"

मॅडम ऑफिसात परतल्या. गाणं मात्र चालूच राहिलं. तिसरी 'ब'ची मुलं ते म्हणताना एकमेकांकडे चोरून बघायची. मला वाटलं, माझा घसा आता एकदाचा फुटावा.

आणि आचारसंहिता लागली. निवडणूक जाहीर झाली की सरकारी जागेतलं प्रत्येक पुढाऱ्याचं नाव झाकायचं, असा नियम. निवडणूक पथकातली दोन माणसं वर्तमानपत्रं, खळ आणि शिडी घेऊन आली. बाकांवर कागद, टाकीवर कागद, पंख्यांवर कागद. शाळा अशी दिसायला लागली जणू कुणी सगळी पार्सल करून पाठवणार आहे. काम आटपून ती माणसं निघाली. मी वर होतो, मला कुणी पाहिलंच नाही.

क्रांती दीक्षाला सोडायला आली होती. ती म्हणाली, "ओ दादा, वरती बघा की. तिथलं नाव ऱ्हायलं."

एक जण शिडीवर चढला. त्याने कागद लावला, घसरला. पुन्हा लावला, फाटला. "अरे, हे तर गोल तोंडाभोवतीच लिहिलंय. नाव झाकायचं तर तोंड झाकावं लागेल."

खालचा म्हणाला, "मग झाक ना. आपल्याला नाव झाकायचंय. ते बोलतं का गातं, आपल्या ऑर्डरमध्ये नाही."

गोणपाट आणलं, माझ्या तोंडावरून ओढलं, मागे सुतळीने करकचून बांधलं आणि फोटो काढला.

दुपारी रावसाहेब आले. "मॅडम, नाव झाका, माझं काही म्हणणं नाही. तोंड कशाला?"

"साहेब," सुमेधा मॅडम म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्या आवाजात थोडी मजा होती, "नाव तोंडावर तुम्हीच लिहायला लावलंत."

"मग सोडा ते."

"फोटो वर गेलाय. सोडलं तर कुणी सोडलं ते विचारतील. तुमचं नाव सांगू?"

रावसाहेब गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला माईक नाही, भोंगा नाही, गाणं नाही. आठवडा तिसरी 'ब'चा नव्हताच. तरी मॅडमनी हाक मारली, "दीक्षा, ये बाळा." क्रांतीची खोली महिनाअखेर सुटणार होती, हे त्यांना माहीत होतं.

दीक्षा ओट्यावर उभी राहिली. सुरुवात केली. मागच्या रांगेतून पार्थ ओरडला, "ऐकू येत नाही!"

ती थांबली. आईकडे बघितलं. मग ओट्यावरून खाली उतरली आणि रांगांच्या मधून चालत चालत पहिल्यापासून म्हणायला लागली. ती जिकडे जाईल तिकडे मुलं वळायची. सगळ्या रांगा मोडल्या. मॅडमनी 'सावधान' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आईने शिकवलेल्या जागी दीक्षा थांबत होती, दम घेत होती, पुढे जात होती. गोणपाटातून मला सगळं जरा दबकं ऐकू आलं, पण श्वास एकही चुकला नाही.

निवडणूक झाली. कोण आलं, कोण पडलं, मला विचारू नका. बाकांवरचे कागद मुलांनी कधीच सोलून टाकले. माझं गोणपाट मात्र तसंच आहे. बांधायची ऑर्डर होती, सोडायची अजून आलेली नाही. आत एका साळुंकीने काड्या आणायला सुरुवात केलीय. क्रांती पार लांब, नावड्याला राहायला गेली. तिथून पावण्याला कामावर यायचं म्हणजे तिचा जीव निघतो, असं वैशालीताई सांगत होत्या.

कुणीतरी शाळेला नवा भोंगा देणार आहे, असंही कानावर आलंय. द्या बापड्यांनो. फक्त एवढं करा, त्याच्या तोंडावर काही लिहू नका, आणि परिपाठाला त्याला झोपू द्या. मला तर इथेच राहू द्या, सुतळीसकट. साळुंकीचीही सोय होईल.

परवाच वैशालीताई गेटवर मॅडमना सांगत होत्या. दीक्षाला नावड्याच्या शाळेत परिपाठाला उभं केलं आणि बाईंनी हातात माईक दिला. तिने तो परत दिला. म्हणाली, "नको बाई, मी फिरून म्हणते."

खोटं वाटतं? या वेळी फ्लेमिंगोंना नको, वैशालीताईंना विचारा.