रुपियातली किंमत

वोनोगिरीच्या बू कासियातुन या बाईंचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठं नव्हतं. नवरा वारला, शंभरावा दिवस जवळ येतोय, दिवस मोजून देणारी जुनी माणसं आमच्या वाडीत आता उरली नाहीत. तुमच्या प्रोग्रॅमबद्दल भाच्याने सांगितलं, पण तिथे किंमत डॉलरमध्ये आहे आणि माझ्याकडे कार्ड नाही. रुपियात किती होतात ते कळवावं, पोस्टाने पाठवते. उत्तराची वाट बघते.

त्या प्रोग्रॅमला मी माझा म्हणावं की नाही, मला अजून कळत नाही. मी सालातिगाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. जी पुस्तकं कुणी नेत नसे ती मी वाचायचो, त्यात ही दिवस मोजण्याची विद्याही आली. तिचा उपयोग झाला तो माझी बायको लास्त्री गेल्यावर. आमच्याकडे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. लास्त्री गुरुवारी गेली, पण दिवे लागल्यावर, म्हणजे खरं तर शुक्रवारी. मी गुरुवार धरला. शंभराव्या दिवसाच्या जेवणाला शेजाऱ्यांना बोलावलं ते एक दिवस आधीच. सगळे आले, प्रार्थना झाली, भाताच्या टोपल्या घेऊन घरी गेले. कुणी अक्षर काढलं नाही. फक्त माझे मेव्हणे निघताना हळूच म्हणाले, "उद्याही थोडा भात शिजवा."

पुढे मी प्रोग्रॅम लिहिला. माणूस गेलं ते सूर्यास्ताआधी की नंतर, हे तो सर्वांत आधी विचारतो.

पुतण्या सेतो बाताममध्ये असतो. त्याने तो इंटरनेटवर विकायला ठेवला आणि चलन कोणतं, असं विचारलं. मी लगेच डॉलर म्हणालो. त्याला वाटलं, पाकदेंना, म्हणजे त्याच्या या काकांना, व्यवहार कळायला लागला. तसं नव्हतं. मयताच्या कामाचे पैसे मागायला माझी जीभ वळत नाही. रुपियात लिहिलं तर मागणारा मी असतो. पाच डॉलर लिहिलं की वाटतं, कुणी परकाच मागतोय, मी शेजारी नुसता उभा आहे.

विक्री होई थोडी. सुरिनाममध्ये, जोहोरमध्ये आमची माणसं आहेत. फोनवर देशाचं नाव यायचं आणि रक्कम. म्हणजे तिथे कुणीतरी गेलं. कोण, ते कळायचं नाही. मी जरा वेळ तसाच बसून राहायचो. पत्र मात्र एकच आलं, वोनोगिरीचं.

दुपारी मी बू सुपीच्या खानावळीत पेचेल खातो, उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याची चटणी. त्या दिवशी पत्र खिशातून डोकावत होतं.

"म्बाह, अजून लिहिताय? ग्रंथ होणार बहुतेक," ती चटणी वाटता वाटता म्हणाली. तिच्या तोंडी मी म्बाह, म्हणजे आजोबा.

"आकडा सुचत नाही."

"मला दिवसभर लोक विचारतात, किती झाले. मी सांगते. अजून मेले नाही."

"तुमचं पेचेल आहे. हिचा नवरा गेलाय."

"मग? मयताच्या घरी खुर्च्या देणारा भाडं घेत नाही?"

"मी लिहिणार होतो, मनाला येईल ते द्या म्हणून."

बू सुपीचा हात थांबला. "असं करू नका हो. ती कुणाला विचारणार, किती दिले तर शोभतील? कमी दिले तर लाज. म्हणून उसने काढून जास्त देईल. तुम्ही सुटलात, ती अडकली."

"मग फुकट देतो."

"द्या की. वोनोगिरीहून कोंबडी काखेत मारून येईल, बस बदलत. आणि कोंबडी तुम्हाला कापता येत नाही. ते काम परत माझ्याच गळ्यात."

मी मान खाली घालून जेवलो. कारण ती कोंबडी मला आवडली होती. दारात कुणीतरी उभं आहे, प्रवासाने थकलेलं. मी चहा टाकतोय. नवऱ्याबद्दल विचारतोय, लास्त्रीबद्दल सांगतोय. एवढं सगळं मी पाण्याचा घोट घेईपर्यंत बघून घेतलं. मग लक्षात आलं की आकडा न सुचण्याचं कारण हेच असणार. उत्तर गेलं की ती पैसे पाठवेल आणि विषय संपेल. उत्तर जात नाही तोवर वोनोगिरीत एक बाई माझी वाट बघतेय. आणि तिकडे तिचा शंभरावा दिवस जवळ येतोय.

घरी येऊन मी सेतोला फोन लावला.

"पाकदे, रुपियात केलंत तर सुरिनामवाले एवढी शून्यं बघून पळतील."

"दोन्ही ठेवता येत नाहीत?"

"आपलं खातं फुकटातलं. एकच चलन मिळतं."

"मग रुपिया."

"बरं. किती टाकू?"

मी खिशातलं पत्र काढून पुन्हा उलगडलं.

"पाकदे? आहात ना?"

"तीस हजार."

"म्हणजे दोन डॉलरसुद्धा नाहीत."

"हो."

"तुमची मर्जी. सुरिनामवाले गेले समजा." मग म्हणाला, "जेवलात का?"

"जेवलो."

तो हे दर वेळी फोन ठेवताना विचारतो.

पत्र लिहायला मला चार कागद लागले. पहिल्या तिन्हींत मी लास्त्रीबद्दल लिहून बसलो होतो. चौथ्यावर लिहिलं: किंमत तीस हजार रुपिया, सगळ्यांना तेवढीच. प्रोग्रॅम उघडण्याचा आकडा खाली दिला आहे, तो आजच वापरावा; पैसे सवडीने पोस्टाने पाठवावेत. तुमचे यजमान दिवे लागण्याआधी गेले की नंतर, हे मात्र घरात सगळ्यांना नीट विचारून घ्यावं. उशीर झाला, माफ करा. आणखी एक ओळ लिहावीशी वाटली. लिहिली असती तर बाईंना त्या ओळीचंही उत्तर द्यावं लागलं असतं. नाही लिहिली.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोललं. "साधं की जलद?"

"जलद."

त्यांनी शिक्का मारून पाकीट मागच्या टोपलीत टाकलं आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं.