डाव्या कोपऱ्यातली हवा

मित्रांनो, मी एक जुनी, दिवसभर फुंकर घालत बसणारी पेटी आहे. हसू नका, माझं कामच ते आहे. समोर काचेचा पडदा, आत पोलादी ओटा, मागे जाडजूड गाळणी आणि तिच्यामागे पंखा. खोलीतली हवा मी ओढून घेते, गाळते आणि ओट्यावरून संथपणे बाहेर सोडते. त्या हवेत बुरशीचा एक कणही नसावा, एवढीच माझ्याकडून अपेक्षा असते. प्रयोगशाळेत मला सगळे 'लॅमिनार' म्हणतात. खरं सांगायचं तर मी भित्री आहे. आधी नव्हते. कशी झाले, तेच सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तीन देशांनी मिळून उपासमार कमी करण्याची एक योजना काढली होती आणि तिच्यातून मला इकडे पाठवण्यात आलं. खोक्यावर तीन झेंडे छापलेले होते, त्यामुळे मी आल्या दिवसापासून जरा तोऱ्यातच होते.

माझ्या ओट्यावर चौदा वर्षं काम केलं ते या प्रयोगशाळेतल्या ताईंनी. रोपाचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि बरणीतल्या खळीसारख्या अन्नावर अलगद ठेवायचा. त्या तुकड्याचं पुन्हा रोप होतं, त्याचे पुन्हा तुकडे, अशी एकाची शंभर रोपं होतात. पण ते अन्न बुरशीला आणि जंतूंनाही फार आवडतं. एक कण आत गेला की बरणी संपली. म्हणून ताई आधी स्पिरिटने ओटा पुसत, चिमटा ज्योतीवर धरत आणि काम चालू असताना माझ्या दिशेने तोंड उघडून बोलतसुद्धा नसत.

दर सोमवारी माझी परीक्षा असे. त्याच खळीची एक उघडी बशी अर्धा तास ओट्यावर ठेवायची, मग झाकून तीन दिवस उबेत ठेवायची. बशीत काही उगवलं नाही, तर मी पास. मी कधीच नापास झाले नाही. शेवटी एकदा ताई कौतुकाने म्हणाल्या, "आमची लॅमिनार म्हणजे सोनं आहे. हिची कसली परीक्षा घ्यायची?" बशी आधी महिन्यातून एकदा आली, नंतर येईनाशी झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट मी फुगून गेले. हवेचा दाब दाखवणारा माझा काटा कधीचा अडकला होता, तिकडेही कोणी पाहिलं नाही.

मग ती सहा रोपं आली. बोटाएवढ्या सहा नळ्यांत, कापसात गुंडाळून, विमानाने. रताळ्याची रोपं होती ती. रताळ्याला एक रोग लागतो, त्यात पानं आक्रसतात आणि कंद करंगळीएवढेच राहतात. या सहा रोपांत परदेशातल्या शास्त्रज्ञांनी नऊ वर्षं खपून असा गुण घातला होता, की रोग आला तरी तो त्यांच्यात टिकणार नाही. सगळ्या चाचण्या झाल्या होत्या, परवानग्या मिळाल्या होत्या. आता लागवडीच्या आत त्यांची हजारो करायची होती.

ताईंच्या माहेरच्या भागात लोक वर्षातले सहा महिने रताळ्यांवरच काढतात. दुपारी त्यांच्या दादाचा फोन येई.

"अगं, यंदाही पाला कुरळा झालाय. पोरांना एक वेळचंच देतोय आम्ही."

"लागवडीपर्यंत रोपं देते, दादा. शब्द आहे माझा."

त्याच आठवड्यात तिन्ही देशांचे पाहुणे यायचे होते. माझी खोली अरुंद, फोटोत सगळे मावेनात, म्हणून चौघांनी मला ढकलत शेजारच्या मोठ्या खोलीत नेलं. उंबऱ्यावर मी दाणकन आदळले. गाळणीच्या चौकटीची रबरी पट्टी डावीकडे केसभर सुटली आणि न गाळलेली हवा माझ्या डाव्या कोपऱ्यातून आत आली. पेटी हलवली की आधी बशी ठेवायची, असा नियम भिंतीवर टांगलेला होता. ताईंनी तो पाहिलाही. "पाहुणे जाऊ देत, मग बघू," म्हणाल्या. पाहुण्यांनी माझ्या काचेवर हात ठेवून फोटो काढले, तोंड भरून कौतुक केलं. ते गेल्यावर वेळ कमी उरला होता. ताईंनी सरळ सुरी उचलली आणि एकही रोप मागे न ठेवता सहाच्या सहा कापली.

मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक! मी पंखा जोरजोरात फिरवला, घरघर केली. ताई हसल्या. "म्हातारी कुरकुरायला लागली." दोन आठवडे बरण्या आरशासारख्या स्वच्छ दिसत होत्या. मला मात्र माझ्याच श्वासाची भीती वाटत होती.

झाकणं क्षणभरच उघडत आणि बरण्या उबेत नसत, म्हणून आत शिरलेले थोडे जंतू हळू वाढत होते. तिसऱ्या आठवड्यात मुळांभोवती दुधासारखा ढग दिसू लागला. एक बरणी, मग दहा, मग साठ. ताई घाबरल्या आणि घाबरलेलं माणूस करतं तेच त्यांनी केलं. बरण्या धुणाऱ्या मावशींवर त्या कडाडल्या, "मावशी, तुम्ही बरण्या नीट उकळत नाही! एवढी माणसं या रोपांच्या आशेवर बसलीत, कळतंय का?"

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "वीस वर्षं धुतेय मी. माझं धुणं वाईट असतं, तर सगळ्याच नासल्या असत्या. तुमचेच आकडे बघा की. डाव्या हाताला ठेवता त्याच का नासतात?"

ताईंनी आकडे पाहिले. मग त्यांनी माझ्या ओट्यावर दोन बशा ठेवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग झाकून तीन दिवस त्या उबेत ठेवल्या. उजवी बशी कोरी निघाली. डावीत करडे, पिवळे, काळे ठिपके दाटीवाटीने उगवले होते.

"मावशी, माझं चुकलं," ताई म्हणाल्या. "तुम्हाला बोलायला नको होतं."

"मला बोललात ते जाऊ द्या. रोपांचं काय?"

ताई बरण्या डावीकडेच जास्त ठेवत, म्हणून सव्वाशे बरण्यांतल्या तीसच वाचल्या. आधी त्यांचीच पुन्हा रोपं करायची, म्हणजे यंदाची लागवड गेली. ताईंनी माझ्यासमोर उभं राहूनच फोन लावला.

"दादा, यंदा रोपं मिळणार नाहीत. चूक माझी आहे."

दादा हळूच म्हणाला, "मी तर रान नांगरून बसलोय गं."

मिस्त्रीने पट्टी बसवायला वीस मिनिटं घेतली. वीस मिनिटांचं काम होतं, मित्रांनो! आता माझी हवा स्वच्छ आहे, तरी मी भिते, कारण पुन्हा बिघडले तर मला सांगता येणार नाही. तुमच्याही घरात, कामावर असं कोणी तरी असेल, जे कधीच बिघडत नाही म्हणून तुम्ही त्याच्याकडे पाहणं सोडून दिलंय. त्याचं कौतुक नंतर करा, आधी त्याला तपासा. कुठे तरी कोणी रान नांगरून बसलेलं असतं.