हरकत कोणाचीच नव्हती

मी एक जुना भोंगा आहे. ओब्दुलिओ मेर्कादोच्या निळ्या पिकअपच्या टपावर बसून मी एकवीस वर्षं आमच्या बेटावरच्या आतियो गावात बोंबललो. मयताच्या बातम्या, स्वस्त तांदूळ, हरवलेली कुत्री, निवडणुका, सगळं माझ्याच घशातून गेलं. आता माझं तोंड चेपलंय आणि आत गांधीलमाश्यांनी घर केलंय. तुम्ही म्हणाल, म्हातारं झालं की रडगाणं आलंच. नाही मित्रांनो, मी रडत नाही. मी चिडलोय.

माझा जन्म पॉन्से शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा वाकवणाऱ्या बाईने मला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाली, "याचा गळा चांगला आहे." ओब्दुलिओने मला आतियोला आणलं त्याच वर्षी मोठं वादळ येणार होतं. आम्ही गल्लोगल्ली फिरून सांगितलं, शाळेत जा, गुरं वर न्या. लोक उठले आणि निघाले. "खरं का?" असं कोणीही विचारलं नाही. वादळ गेल्यावर नेरेइदा लासाय नावाची बाई तुरीचा भात घेऊन आली. ओब्दुलिओच्या हातात ताट दिलं, मग कमरेच्या फडक्याने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमच्यामुळे माझ्या गाई वाचल्या." एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

या नेरेइदाला गाव मानाने 'दोन्या' म्हणायचं. तिचं घर जुन्या रस्त्याला लागून. घरामागे गोठा, गोठ्यामागे कुरण. नवरा गेल्यावर चौतीस गाई तिने एकटीने सांभाळल्या.

राजधानीकडून येणारा टोलचा रस्ता तेव्हा आमच्या गावात येऊन संपायचा. पुढे पश्चिमेला जायचं तर हा जुना रस्ता, आणि त्याच्यावर पावलापावलाला सिग्नल. म्हणून एका वर्षी वाद पेटला. टोलचा रस्ता पुढे न्यायचा, की जुनाच रुंद करायचा? ज्या टपरीवर तळलेल्या करंज्या मिळायच्या तिथे आमची पिकअप रोज उभी असायची. तिथलं भांडण मी टपावरून ऐकायचो.

नेरेइदाचा धाकटा दीर एल्पिदिओ प्रवाशांची व्हॅन चालवायचा. तो म्हणाला, "वहिनी, काल माझ्या गाडीत एक बाळंतीण होती. सतरा सिग्नल लाल लागले. सतराव्याला तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टोलचा रस्ता पुढे नेल्याशिवाय गत्यंतर नाही."

"आणि टोल कोण भरणार? ती बाळंतीण?"

"गाडीत पोर होण्यापेक्षा टोल परवडला."

"ज्याला परवडतो तो जाईल सुसाट. बाकीचे या सिग्नलवरच म्हातारे होतील. म्हणून म्हणते, हाच रस्ता रुंद करा. दोन्हीकडे एकेक पट्टा वाढवा, तीन मोठ्या चौकांत पूल घाला. माझा ओटा घ्या, पुढची खोली घ्या, दारातला आंबा तोडा, मी सही करते. पण गोठा आणि कुरण यांच्या मधून नवा रस्ता काढू नका. माझ्या गाई दिवसातून दोनदा दुधाला घरी येतात. त्या काय टोल भरून येणार?"

"गाईंसाठी भुयार ठेवतील की."

"कुठे ठेवतील?"

"आता ते मला कसं ठाऊक असणार? सुनावणी होईल तेव्हा उभी राहून विचार. तिथे सगळं लिहून घेतात."

"विचारणारच आहे," नेरेइदा म्हणाली. "पहिल्या खुर्चीवर बसून."

ओब्दुलिओ मात्र दोन्हीकडचे पैसे घेऊन बोंबलायचा. सकाळी 'टोलमार्ग म्हणजे प्रगती', दुपारी 'रुंदीकरण हाच न्याय'. मला लाज वाटायची, पण भोंग्याला विचारतो कोण?

आता ऐका, माझं डोकं कुठे फिरलं ते. अठ्ठावीस डिसेंबर हा आमच्याकडे मुखवट्यांचा दिवस. झालरींचे कपडे, तोंडावर मुखवटे, सजवलेल्या गाड्या, सगळं गाव रस्त्यावर. त्याच दिवशी एकमेकांना फसवायचीही रीत आहे. आदल्या दिवसापासून ओब्दुलिओ माझ्यातून थापा मारायचा. एका वर्षी त्याने सांगितलं, उद्या सगळे सिग्नल दिवसभर हिरवेच राहणार. एकदा म्हणाला, बंद पडलेली आगगाडी दुपारी येतेय, डबे बांधून या. लोक पोट धरून हसायचे आणि पुढच्या वर्षीच्या थापेची वाट बघायचे.

त्या वर्षी सत्तावीस तारखेला रस्ते खात्याने त्याच्या हातात एक कागद दिला. त्याने तो जसाच्या तसा वाचला. "ऐका हो ऐका. टोलमार्गाची जाहीर सुनावणी उद्या सकाळी दहा वाजता, शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर. ज्यांची हरकत असेल त्यांनी हजर राहावे."

गाव खो खो हसलं. मुखवट्यांच्या दिवशी सुनावणी! असलं काही कोणी ठेवतं का? नेरेइदा दारात बसून नातवाच्या अंगरख्याला झालर शिवत होती. ती फाटकापर्यंत आली, सुई तोंडात धरून तिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "ओब्दुलिओ, यंदाची सगळ्यात झकास."

मित्रांनो, त्या क्षणी त्याने एवढंच म्हणायचं होतं, दोन्या, ही थट्टा नाही. चार शब्द. पण टाळ्या कोणाला नको असतात? त्याने खिडकीतून टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. पुढच्या गल्लीत पुन्हा तेच वाचलं, पुन्हा टाळ्या, पुन्हा नमस्कार. आणि तो प्रत्येक शब्द माझ्या घशातून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मैदानाबाहेर उभा होतो. तीन साहेब, एक नकाशा, दोनशे खुर्च्या. सगळ्या रिकाम्या. बाहेरून मुखवटेवाल्यांच्या गाड्या पों पों करत गेल्या. नेरेइदाही नातवासोबत एका गाडीवर उभी राहून हात हलवत होती. साडेदहाला एका साहेबाने घड्याळ बघितलं. अकराला त्यांनी लिहिलं, हरकत कोणाचीच नाही. ओब्दुलिओने हे सगळं गाडीत बसून पाहिलं, आणि मग गाणी लावून मिरवणुकीत घुसला.

फेब्रुवारीत नेरेइदाच्या कुरणात नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या उभ्या राहिल्या. ती इंजिनियरवर धावून गेली.

"बाई, आम्ही नियमाप्रमाणे दवंडी दिली," तो म्हणाला. "भोंग्यावरून. कोणी आलंच नाही."

"तुम्हाला अठ्ठावीस डिसेंबरच मिळाला?"

"कॅलेंडरात त्या दिवशी सुट्टी नव्हती."

"आणि गाईंचं भुयार?"

"आहे ना नकाशात. चार किलोमीटरवर."

दुभती गाय दिवसातून दोनदा चार किलोमीटर जाणार आणि चार येणार! कोणत्या शाळेत शिकला होता हा गाढव?

मग नेरेइदा ओब्दुलिओकडे आली. आवाज चढवला नाही. "मला खरं वाटलं नाही, ही माझी चूक. पण मी टाळ्या वाजवल्या तेव्हा तू काय केलंस?" त्याने माइकची वायर गुंडाळायला घेतली. "माझ्याबरोबर राजधानीला चल. गावाला थट्टा वाटली आणि मी वाटू दिली, एवढं त्यांच्यासमोर सांग. वकील म्हणतो, त्यावर सुनावणी पुन्हा लागू शकते."

"दोन्या, मला निम्मं काम त्याच खात्याकडून मिळतं," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "सोमवारी जाऊ."

तो सोमवार आला आणि गेला. असे किती गेले ते मी मोजले नाहीत. एकटी नेरेइदा जाऊन आली. तिला सांगितलं, दवंडी देणाऱ्याला आणा.

रस्ता झाला. फीत कापायच्या दिवशीसुद्धा ओब्दुलिओ माझ्यातून बोंबलला, प्रगती, प्रगती. आणि जुना रस्ता? होता तसाच अरुंद, होते तेवढेच सिग्नल. एल्पिदिओचे प्रवासी टोल द्यायला तयार नव्हते, म्हणून तोही अजून तिथेच अडकलेला.

दोन महिन्यांनी नेरेइदा पिकअपमध्ये येऊन बसली आणि तिने ओब्दुलिओच्या हातातून माइक काढून घेतला. त्याने अडवलं नाही. संध्याकाळचे पाच, जुन्या रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या. ती माझ्यातून बोलली. "गाई विकायच्या आहेत. ज्याच्याकडे गोठ्याला लागून कुरण असेल त्यानेच यावं. नावं सांगते, त्या नावानेच हाक मारा, नाहीतर पान्हा चोरतात." मग तिने चौतीस नावं घेतली. एकही कागदावरून वाचलं नाही. एल्पिदिओने व्हॅनमधला रेडिओ बंद केला, मागच्यांनीही केला. सिग्नल हिरवा झाला तरी कोणी हॉर्न वाजवला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जिन्नस शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी नाही म्हणत. मला भंगारात घाला, वितळवा, माझी बादली करा. पण तुमच्या गावात रस्त्याची सुनावणी लागली, तर ती कोणत्याही दिवशी असो, सांगणारा कितीही थापाड्या असो, तुम्ही जा. सण अर्धा टाकून जा, तोंडावरचा मुखवटा न काढता जा. खुर्चीवर बसा आणि तुमची हरकत लिहून घेतल्याशिवाय उठू नका.