थोरल्याच्या वाटणीची बादली

मी बादली बोलतेय. पाण्याची नव्हे, खळीची. निवडणुकीच्या दिवसांत तुमच्या भिंतींवर जी पोस्टरं दिसतात, त्यांच्या पाठीला मैद्याची खळ असते, आणि ती खळ माझ्यासारख्या एखाद्या पत्र्याच्या बादलीतून आलेली असते. अंगावर एक पोचा सोडला तर माझी तब्येत अजून ठणठणीत आहे. मन मात्र खात असतं, म्हणून बोलायला बसले.

जन्माने मी रंगाचा डबा. रंग संपला की लोक डबा भंगारात देतात. पण मला घेणारा, दोघा भावांतला थोरला, हाडाचा रंगारी. त्याने काठाला दोन भोकं पाडून तारेची कडी अडकवली, डब्याची बादली केली आणि मला पक्षाच्या कचेरीत नेऊन ठेवलं. पक्ष डावा, कष्टकऱ्यांचा. कचेरी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, जिथे खुर्च्यांपेक्षा वक्ते नेहमीच जास्त असायचे.

थोरल्याचा धाकटा भाऊ छापखान्यात होता. तो पोस्टरं छापायचा, थोरला खळ शिजवायचा. गुठळी राहिलेली थोरल्याला अजिबात खपत नसे. उंदरांनी कागद कुरतडू नये म्हणून तो चिमूटभर मोरचूदही घालायचा. पहाटे धाकटा शिडीवर आणि थोरला मला घेऊन खाली, असे दोघे एकमेकांची टिंगल करत भिंती उरकायचे. त्यांची बहीण नगरपालिकेच्या पाळणाघरात कामावर जाणाऱ्या बायांची लहान मुलं सांभाळायची. तिला राजकारणात फारसा रस नव्हता, पण भाऊ सांगतील त्याला ती न चुकता मत द्यायची.

मग पक्ष फुटला. कारण सांगायचीसुद्धा मला लाज वाटते. दूरच्या कुठल्याशा देशात सरकार उलथलं होतं. तिथल्या नव्या सरकारला आपल्या कचेरीने पाठिंबा द्यायचा की नाही, यावर बैठकांवर बैठका झाल्या. अशी काही कचेरी जगात आहे याचा त्या सरकारला पत्ताही नव्हता. शेवटच्या बैठकीत थोरला धाकट्याला गद्दार म्हणाला आणि धाकट्याने रागाच्या भरात मला लाथ घातली. पोचा तेव्हाचा. मग सामानाची वाटणी झाली. थोरल्याकडे मी आले, धाकट्याकडे शिडी गेली, आणि आपलीच सरशी झाली असं समजून दोघे घरी गेले.

पुढच्या निवडणुकीत वॉर्डातून दोघेही उभे राहिले, एकमेकांविरुद्ध. तिसरा उमेदवार बांधकामाचा ठेकेदार होता. तो काही लपवत नव्हता. पाळणाघर बंद करून त्या जागेवर दुकानं काढणार, असं सभेसभेत सांगत होता.

बहीण एकदा दुपारी थोरल्याच्या कचेरीत आली. दोघांपैकी एकाने माघार घ्यावी, कोणी ते तुम्हीच ठरवा, असं तिने थोरल्याला विनवलं. धाकट्याकडेही ती जाऊन आली होती. थोरला म्हणाला, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

"दादा, माझ्या मुलांना झोपायला जागा लागते रे," ती म्हणाली. "तत्त्व अंथरून नाही झोपवता येत त्यांना."

थोरल्याने तिला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

आणि प्रचार तरी काय केला यांनी? ठेकेदाराची पोस्टरं उंच बांबूंवर टांगलेली. थोरल्याचा हात तिथे पोचेना, कारण शिडी नव्हती. धाकट्याकडे शिडी होती, पण त्याचंही लक्ष भावाच्याच पोस्टरांवर. थोरला पहाटे धाकट्याच्या तोंडावर आपलं तोंड चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी धाकटा त्यावर आपलं. भिंतीवर कागदाचे थर चढत गेले आणि वर बांबूवरून ठेकेदार हात जोडून हसत राहिला. माझ्यातली खळ तेव्हा दिवसाला दोनदा संपायची.

ठेकेदार निवडून आला. दोघा भावांची मतं एकत्र केली असती तर तो कुठल्या कुठे मागे पडला असता. पण हे बोलायची कोणाची छाती होती? लोक विकले गेले, धाकट्याने घात केला, या वस्तीची लायकीच नाही, असं थोरला येईल त्याला ऐकवत होता. धाकटाही आपल्या कचेरीत, घात करणाऱ्याचं नाव तेवढं बदलून, तेच बोलत होता म्हणे.

काही आठवड्यांनी बहीण पुन्हा आली. बसली नाही.

"बादली दे," ती म्हणाली. "पाळणाघर बंद करायची नोटीस आली आहे. दारावर चिकटवायचं काम मलाच दिलंय."

थोरला उठला. त्याने खळ शिजवली आणि मला उचलून तिच्यामागून चालू लागला. पाळणाघराच्या दारावर कुंचा त्यानेच फिरवला. बहिणीला तो हात लावू देईना. तेवढ्यात शिवणकामाच्या कारखान्यात जाणारी एक बाई आपल्या मुलाला न्यायला आली. तिने नोटीस वाचली, मग चिकटवणाऱ्याकडे पाहिलं.

"काका, मी तुम्हाला मत दिलं होतं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने तुमच्या भावाला. आमच्यात चुकलं कोण?"

थोरल्याकडे कुठल्याही प्रश्नावर भाषण तयार असतं. त्याने तोंड उघडलंही, पण बहिणीकडे नजर गेली आणि त्याची मान खाली गेली.

"तुमच्यापैकी कोणी नाही," तो म्हणाला. "चुकलो आम्ही. मी आणि तो."

"बरं. मग उद्या याला कुठे ठेवू?"

थोरला नोटिशीवरून हात फिरवत राहिला. ती केव्हाच सपाट बसली होती.

जाताना तो मला पायरीवरच विसरला. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. परत न्यायला काही आला नाही. तळाची खळ वाळून तडकली आहे. धाकटा एकदा समोरून गेला, मला पाहून त्याने झटकन पाय उचलला आणि वाट बदलली. माझं दोघांना एकच सांगणं आहे. भांडा हवं तर, पण मला उचलायच्या आधी या पायरीवर एक सकाळ शेजारी शेजारी बसा. ती बाई रोज इथूनच कामाला जाते. ती दाराकडे बघत नाही. तिच्या कडेवरचं पोर मात्र दार आलं की खाली उतरायला झेपावतं.