हलसूरच्या तळ्यावर भुऱ्या

पद्माकर जर्मनीला गेला तेव्हा भुऱ्या तीन वर्षांचा होता. सरकारी कारखान्यातल्या काही इंजिनिअरांना नवी यंत्रं शिकायला वर्षभरासाठी पाठवलं, त्यात पद्माकरचं नाव लागलं. चौसष्टच्या जानेवारीत तो गेला आणि बंगळूरच्या त्या दोन खोल्यांत त्याची बायको सुलभा आणि भुऱ्या कुत्रा एवढेच उरले.

रोज साडेपाचला कारखान्याची बस आली की भुऱ्या फाटकाशी जाऊन उभा राही. माणसं उतरत, आपापल्या घरी जात. बस निघून गेली तरी तो हलत नसे. सुलभा त्याला आत आणायला जाई आणि तीही रस्त्याकडे बघत थोडा वेळ तिथेच राही.

नोव्हेंबरात पत्र आलं. जानेवारीत संपणारा पद्माकरचा मुक्काम आणखी आठ महिने वाढला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. घरात बसवेना, म्हणून ती सकाळीच भुऱ्याला घेऊन हलसूरच्या तळ्यावर गेली. पद्माकर त्याला तिथेच पोहायला नेई. तिने रबरी चेंडू पाण्यात फेकला. भुऱ्याने उडी घेतली, तोंडाचा मोठा आ करून चेंडू पकडला आणि शेपटी हलवत तिच्या पायाशी आणून टाकला. कित्येक महिन्यांत तो असा खुलला नव्हता. तिने पुन्हा फेकला. मग पुन्हा. तो दमलाय हे तिला दिसत होतं, पण त्याचा तो आनंद थांबवायचं तिच्या जिवावर आलं. तास कसा गेला कळलं नाही.

शेवटच्या खेपेला तो काठावर आला तो झोकांड्या खात. पोट तट्ट फुगलं होतं. चेंडू तोंडातून गळून पडला, मागोमाग पाण्याची उलटी झाली. लाळ गळत होती, नजर कुठेच ठरत नव्हती.

"पिसाळलंय," काठावर धुणं धुणारा एकजण कानडीत म्हणाला. "जवळ जाऊ नका."

सुलभाने भुऱ्याला उचलून पदराखाली धरलं. जटकेवाला कुत्रं घोडागाडीत घ्यायला तयार होईना. ती तशीच गाडीत चढून बसली, तेव्हा त्याने गाडी हाकली.

जनावरांचे डॉक्टर गुरुराज घरीच पुढच्या खोलीत तपासत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, मराठी कानडीत भिजलेलं. त्यांनी भुऱ्याच्या हिरड्या पाहिल्या. त्या पांढुरक्या पडल्या होत्या. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या.

"ऊन लागलं का हो डॉक्टर? त्याला पाणी पाजू?"

"नको अक्का. एक थेंब नको. पाण्यात किती वेळ होता?"

"तासभर. चेंडू आणत होता."

"तेच. प्रत्येक वेळी तोंड उघडतो तेव्हा घोट घोट पाणी पोटात जातं. इतकं पाणी झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज चढते. उशीर केला असतात तर झटके आले असते."

त्यांनी शिरेतून जास्त मिठाचं पाणी सुरू केलं, अगदी थेंबाथेंबाने. लघवी सुटण्याचं इंजेक्शन दिलं.

"भरभर नाही का देता येणार?"

"स्वल्प थांबा. मीठ एकदम वाढलं तरी मेंदूला इजा होते. घरी कधी आपल्या मनाने मीठ चारू नका."

सुलभा बाकावर बसून राहिली. भुऱ्याचा पंजा तिच्या हातात होता. एकदा तो थरथरला, तेव्हा तिने दुसरा हातही त्यावर ठेवला. दुपारी केव्हातरी गुरुराजांनी सहज विचारलं, "कुत्रा यजमानांचा का?"

"हो. ते परदेशी आहेत. मी त्याला थांबवायला हवं होतं." ती थांबली. "तो इतका खूश होता डॉक्टर. आणि मला त्यांची फार आठवण येते."

हे ती इतक्या महिन्यांत कुणाजवळच बोलली नव्हती. गुरुराजांनी मान हलवली आणि तिच्यासाठी आतून कॉफी आणवली.

चारच्या सुमारास भुऱ्याने भरपूर लघवी केली. थोड्या वेळाने त्याने मान उचलून सुलभाकडे पाहिलं, ओळखीच्या नजरेने. तिला रडू आवरेना.

"उद्या परत दाखवायला आणा," गुरुराज म्हणाले. "आणि पुढं पाण्यात खेळवाल तेव्हा आठ-दहा फेकी झाल्या की बाहेर काढायचं. अंग सुकू द्या, लघवीला हिंडवा. चेंडूपेक्षा चपटी फळी बरी, तोंड कमी उघडावं लागतं. पोट फुगलं, चाल बिघडली की लगेच इकडे."

तीन आठवड्यांनी ती पुन्हा तळ्यावर गेली, हातात फळीचा तुकडा घेऊन. आठ वेळा फेकून तिने तो पिशवीत टाकला. भुऱ्या तिच्यासमोर उभा राहून कुंई कुंई करत होता, अजून एकदा म्हणून. तिने त्याला शेजारी बसवलं आणि त्याचे ओले कान पदराने पुसले. पलीकडच्या काठावर कुणीतरी होडी बांधत होतं. पद्माकर यायला अजून दहा महिने होते.