पुढे नवे, मागे जुने

ऑगस्टपासून तौनो हिवाळी टायर निवडत होता. गाड्यांच्या मासिकांनी स्वयंपाकघरातलं टेबल व्यापलं होतं आणि किर्सी ओट्याशी उभी राहून जेवत होती. एवढ्या काळजीने तिने नवरासुद्धा निवडला नव्हता, आणि ते ती तीस वर्षं भोगत होती.

रोज सकाळी पेट्रोल पंपावर कॉफीच्या टेबलाशी तौनो आणि त्याचे तीन रिकामटेकडे सोबती बसत. बर्फावर पकड घेणाऱ्या खिळ्यांचे टायर बरे की बिनखिळ्यांचे, यावर तिथे भांडणं होत. बिनखिळ्यांचे हेलसिंकीच्या नाजूक लोकांसाठी, असं त्यांच्यातल्या पेन्टीचं मत होतं. तो स्वतः वर्षभरात पंपापलीकडे गेला नव्हता.

ऑक्टोबरात रस्त्यावर पहिला बर्फाचा थर धरला.

"अरे, चार टायर बसव नि मोकळा हो," किर्सी म्हणाली.

"घाई कशाला? अजून पेन्टीचं नि माझं एकमत नाही."

"सायमी आजीला सुई टोचायला पेन्टी येणार आहे का?"

किर्सी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची. तळ्यापलीकडच्या सायमी आजीला मधुमेहाने दिसेनासं झालं होतं. न्याहारीआधीचं इन्सुलिन किर्सी गेली तरच तिला मिळे.

शेवटी तौनो दुकानात गेला. त्याने निवडलेले खिळ्यांचे टायर लोकांनी केव्हाच उचलले होते, दोनच उरले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दुसरे घ्यायला मात्र हा तयार नाही. त्याने ते दोन पुढे बसवले आणि मागे गेल्या कितीतरी हिवाळ्यांचे तसेच ठेवले. त्यांचे निम्मे खिळे गळून पडलेले.

"गाडी ओढतात पुढची चाकं. मागची नुसती फरफटत येतात," तो म्हणाला.

"तुझ्यासारखी," किर्सी म्हणाली. ती त्याच गाडीने कामाला निघाली, कारण दुसरी नव्हती.

तळ्याच्या वळणावर पुढच्या चाकांनी रस्ता छान धरला. मागची बाजू मात्र वळायचं सोडून सरळ गेली. गाडी गर्रकन फिरली आणि तोंड घराकडे करून चरात बसली. किर्सीला काही लागलं नाही. तिने तौनोला फोन लावला.

"मागची गेली की पुढची?" त्याने पहिलं हे विचारलं.

तिने फोन बंद केला. आजी उपाशी बसली असणार. जवळच्या घराच्या भिंतीला बर्फावरची खुर्ची टेकून ठेवलेली होती. खाली लांब लोखंडी पट्ट्या, पुढे बसायची जागा, आणि मागे उभं राहून एका पायाने रेटायचं. टायरच नाहीत, तेव्हा वादही नाही. त्या घरातल्यांना ओरडून सांगून तिने औषधांची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि रेटत सुटली.

आजी खिचडीसारख्या घट्ट झालेल्या राय धान्याच्या लापशीपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. किर्सीने सुई टोचली, लापशी गरम करून दिली.

थोड्या वेळाने दार वाजलं. तौनो गुळगुळीत तळाचे बूट घालून चालत आला होता. वाटेत दोनदा आपटून लंगडत होता.

"कोण आलंय?" आजीने विचारलं.

"टायरवाला."

"पुढचे घट्ट धरून होते ना?" तौनो म्हणाला.

आजीने चमचा खाली ठेवला. "बायकोला लागलं का, हे विचारलंस का रे?"

तौनो वाकून बुटांवरचा बर्फ झटकू लागला. किर्सीला त्याची दया आली नाही.

"बस पुढे," ती त्याला बाहेर नेऊन म्हणाली. त्याला चालवत नव्हतं, तो निमूट खुर्चीवर बसला आणि औषधांची पिशवी मांडीवर घेतली.

"किर्से, पंपावरून नको ना गं नेऊस," तो हळूच म्हणाला.

ती पंपावरूनच गेली. काचेआड तिघांनी कप हातात तसेच धरले. किर्सीने पाय टेकवून वेग कमी केला, पेन्टीला नीट बघता यावं म्हणून.