माझी डावी सीट

मी एक जुना चीता आहे, मित्रांनो. दचकू नका, जंगलातला नव्हे, लष्करातला. हेलिकॉप्टर! सध्या नाशिकमधल्या एका शाळेच्या मैदानात चौथऱ्यावर उभा असतो. नाव चीता आणि अंगाखांद्यावर कबुतरांची वस्ती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यात झाला. तिथून नाशिकला आलो तो नव्या वैमानिकांना उडायला शिकवण्यासाठी. द्राक्षमळ्यांवरून, गंगापूर धरणावरून फिरताना या पोरांनी मला किती हिसके दिले, ते माझं मलाच ठाऊक. त्यातलीच एक वेदिका. पहिल्यांदा उतरवताना तिनं मला असं आदळलं, की माझी हाडं खिळखिळी झाली. तिला शिकवणारे मेजर महेश मात्र कधी आवाज चढवत नसत. ते सायखेड्याचे, गोदाकाठचे. चहा पिताना गावच्या गोष्टी सांगायचे.

"आमच्याकडं पूर आला ना, की नावेत माणसं मावत नाय. मग एकच नियम. नाव बुडायला लागली, की ज्याला पोहता येतं त्यानं उतरायचं."

वेदिका हसायची. मीही मनात म्हणायचो, आपण उडणारी मंडळी, आपल्याला नावेचं काय!

पुढे मला हिमालयात धाडलं. तिथली हवा इतकी विरळ, की पंखा जीव खाऊन फिरला तरी वजन काही उचलत नाही. म्हणून जड वाटेल ते सामान माझ्यातून काढून ठेवत. वैमानिक जेवणाचा डबासुद्धा खाली ठेवून बसत. काही वर्षांनी तिथंच महेश सर आणि कॅप्टन झालेली वेदिका मला पुन्हा भेटले. सर उजव्या सीटवर, ती डाव्या. फार आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू!

एका दुपारी निरोप आला. सीमेवरच्या एका उंच चौकीवर गोळीबार चालू आहे, एक जवान जखमी झालाय आणि रक्त थांबत नाही. आम्ही तसेच निघालो. डोंगराच्या आडोशानं, खालून खालून उडत चौकी गाठली. टेकून बघतो तर एक नाही, दोन जखमी! निरोप गेल्यानंतर आणखी एक तोफगोळा पडला होता. पहिला जवान बेशुद्ध होता. दुसरा होता इगतपुरीकडचा लखन. त्याची मांडी फाटली होती, तरी तो म्हणत होता, "याला न्या, साहेब. माझं मागून बघू."

दोन वैमानिक आणि दोन जखमी, एवढं वजन घेऊन उडणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तेवढ्यात वेदिकानं कमरेचा पट्टा सोडला.

"सर, मी उतरते."

"वेडी आहेस का? बस खाली!"

"ज्याला पोहता येतं त्यानं उतरायचं ना, सर? यांना कुठं येतंय? आणि तुम्ही उतरलात तर इथून हा चीता उचलणार कोण?"

त्यांच्याच गावचा नियम होता.

"परत येतो मी," एवढंच ते म्हणाले.

"या. तोवर चहा सांगून ठेवते."

ती धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि आम्ही उडालो. दोघा जखमींना खालच्या दवाखान्यात पोचवलं. सरांनी माझं इंजिन बंदच केलं नाही. ढग उतरू लागले होते. कुणीतरी ओरडून म्हणालं, "सर, आता थांबा, वर काही दिसणार नाही." सर म्हणाले, "माझं माणूस वर आहे."

पहिल्या खेपेला आम्ही येऊ, हे शत्रूला ठाऊक नव्हतं. आता तो आमची वाटच बघत होता. गोळ्या सुटू लागल्या आणि मला भीती वाटली, मित्रांनो. एक गोळी डावीकडून आत शिरली आणि रिकाम्या डाव्या सीटच्या पाठीतून आरपार गेली. वेदिका उतरली नसती, तर लखनला न्यायच्या याच खेपेत ती तिथं बसलेली असती. सरांनी तिकडे एकदा बघितलं. हात मात्र हलला नाही. अशा माणसाच्या हाताखाली उडायला मिळालं, हे माझं भाग्य.

वेदिका वाकून पळत आली. सीटला पडलेलं भोक दिसताच क्षणभर थबकली, मग बसली आणि पट्टा लावत म्हणाली, "सर, जागा अगदी हवेशीर केलीत."

सर मोठ्यानं हसले. डोळे मात्र भरून आले होते.

पुढे मी म्हातारा झालो, निवृत्त झालो आणि इथं आलो. सुरुवातीला हार, भाषणं, फोटो झाले. नंतर कबुतरं आली. मुलं आत चढून नावं कोरू लागली. सीटच्या भोकात कुणी चॉकलेटचा कागद कोंबला. त्यांना तरी काय बोलू? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात लखन आला, थोडा लंगडत. सोबत त्याची आई कुसाबाई होती.

"कोणच्या शिटावरून उतरली रं ती पोर?" तिनं विचारलं.

लखननं डावी सीट दाखवली. म्हातारीनं भोकातला कागद बोटानं ओढून काढला आणि कमरेला खोचला. मग भोकावर हात ठेवला. त्यांच्या घरी नवा भात आधी देवाला दाखवतात, मगच माणसं खातात. तिनं पदराची गाठ सोडली आणि नव्या तांदळाची मूठ सीटवर ठेवली.

"आये, देवाचं राह्यलं ना अजून," लखन म्हणाला.

"आधी हिचं. देवाला कळतं ते."

ती गेल्यावर कबुतरांनी ते तांदूळ टिपले. त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडलो नाही.

मित्रांनो, खुशाल माझ्यावर चढा, उड्या मारा. मी लष्करातला आहे, सोसेन. फक्त त्या भोकात कागद कोंबू नका. ती सीट एकदा रिकामी झाली, म्हणून दोघे जवान आणि वेदिका, अशी तीन माणसं घरी परतली.